आरटीएसमध्ये (रिअल टाइम स्ट्रॅटेजी गेममध्ये) युनिट्सचे ग्रुप कसे हाताळायचे: नंबर लावण्यापासून माघारीपर्यंत, क्रमाने

रिसोर्स वेळेत गोळा केले, आर्मी समोरच्यापेक्षा मोठी केली, अपग्रेडही मारले आणि तरी भिडल्यावर पंधरा सेकंदांत सगळं साफ, असं वारंवार होत असेल तर घोडं बहुतेक वेळा ग्रुपिंगमध्येच, म्हणजे युनिट्स (सैनिक, तोफा वगैरे) कीबोर्डच्या नंबर बटणांवर बसवण्यातच, पेंड खातंय. अर्धी आर्मी एका नंबरवर, अर्धी कुठल्याच नंबरवर नाही, जादूवाले सगळ्यात पुढे आणि तोफा अजून रस्त्यातच. मग लोक म्हणतात माझा हातच स्लो आहे. असेलही, पण ग्रुप नीट लावलेले असले की मध्यम स्पीडच्या हातानेही काम भागतं, आणि ग्रुप विस्कटलेले असले तर कितीही वेगात बटणं बडवा, युनिट्स चुकीचीच ऑर्डर जास्त वेगात ऐकतात.

एक नियम सुरुवातीलाच घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: एक ग्रुप म्हणजे एका वेळी एकच ऑर्डर ऐकायला चालेल अशी युनिट्स. तलवारवाला आणि तोफ यांना एकाच क्लिकवर एकाच जागी पाठवणं तुम्हाला चालणार नसेल तर त्यांना एका नंबरवर ठेवायचं नाही, बास.

उदाहरणं जास्त करून स्टारक्राफ्ट टू आणि एज ऑफ एम्पायर्स टूची आहेत कारण बऱ्याच जणांनी तेच खेळलेले असतात. तुमच्या गेममध्ये बटणं वेगळी असतील, क्रम मात्र हाच.

## १. गेम सुरू करण्याआधीची सेटिंग

हा टप्पा सगळे उडवतात आणि मग पुढे अडकतात. दहा मिनिटांचं काम आहे, एकदाच करायचं.

विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीजची खिडकी उघडते. आरटीएसमध्ये शिफ्ट सारखं लागतं, त्यामुळे ही खिडकी नेमकी लढाईच्या मध्यात येते आणि गेम मिनिमाइज होतो. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन तो शॉर्टकट बंद करा. विंडोज बटणही गेम चालू असताना बंद ठेवता आलं तर ठेवा. माउस ऍक्सिलरेशन बंद करा, नाहीतर हात हळू हलवला तर पॉइंटर एवढा जातो आणि जोरात हलवला तर तेवढा, आणि बॉक्स काढताना (माउस ओढून चौकोनातली युनिट्स सिलेक्ट करताना) अंदाज कधीच बसत नाही.

मग गेमच्या हॉटकी मेनूत जाऊन ही बटणं शोधून कागदावर लिहा:

- ग्रुप बनवणे (बहुतेक ठिकाणी कंट्रोल आणि नंबर)
- ग्रुपमध्ये भर घालणे (बहुतेक ठिकाणी शिफ्ट आणि नंबर)
- अटॅक मूव्ह, म्हणजे वाटेत शत्रू दिसला तर मारत जा अशी ऑर्डर (स्टारक्राफ्टमध्ये ए दाबून क्लिक)
- स्टॉप, होल्ड पोझिशन, पॅट्रोल
- कॅमेऱ्याची जागा सेव्ह करणे

यात अटॅक मूव्हचं बटण तुम्हाला झोपेतही आठवलं पाहिजे. नुसतं जमिनीवर राइट क्लिक केलं तर युनिट्स गोळ्या खात खात चालत राहतात, उलट मारत नाहीत, आणि नवीन खेळणाऱ्यांच्या निम्म्या लढाया इथेच जातात.

तपासा: काही साध्या कीबोर्डवर तीन बटणं एकदम दाबली की एखादं नोंदवलंच जात नाही. एक रिकामी प्रॅक्टिस गेम लावा, सगळ्या नंबरांवर एकेक युनिट कंट्रोलने बसवून बघा, शिफ्टने भर घालून बघा. एखादा नंबर दगा देत असेल तर तो वापरातून काढा किंवा दुसऱ्या बटणावर हलवा.

तपासा: तुमच्या गेममध्ये शिफ्ट आणि नंबरचा अर्थ नक्की काय आहे? स्टारक्राफ्ट टूमध्ये सिलेक्ट केलेली युनिट्स त्या ग्रुपमध्ये जातात. काही गेममध्ये उलटं असतं, तो ग्रुप तुमच्या सध्याच्या सिलेक्शनमध्ये येतो, आणि मग वर परत कंट्रोल आणि नंबर मारावा लागतो. हे माहीत नसलं की माणूस अख्खी गेम भर घालतोय असं समजत राहतो आणि नवी पोरं बेसमध्ये उभीच.

## २. कुठला नंबर कोणाला, हे आधीच ठरवा

गेम चालू असताना ठरवायला बसलात तर प्रत्येक गेममध्ये वेगळं ठरेल आणि बोटांना कधीच सवय लागणार नाही. डाव्या हाताला १ ते ५ आरामात सापडतात, ६ च्या पुढे हात उचलावा लागतो, म्हणून घाईत लागणारं सगळं १ ते ५ मध्येच बसवा. स्टारक्राफ्ट टूमध्ये १ ते ० असे दहा ग्रुप मिळतात, पण दहाही वापरायलाच पाहिजेत असं कोणी सांगितलेलं नाही.

सुरुवातीला ही मांडणी चालते:

- १: पुढची फळी, म्हणजे मार खाणारे आणि जवळून मारणारे
- २: लांबून मारणारे
- ३: जादूवाले, बरे करणारे, जे काही स्पेशल बटण दाबून वापरावं लागतं ते
- ४: तोफा, सीज, सगळं मंद आणि महागडं
- ५: आर्मी बनवणाऱ्या बिल्डिंग
- ६ किंवा पुढचं काहीही: टेहळणीवाला, बगलेने पाठवायची टोळी

एज ऑफ एम्पायर्स टूच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये एकाच प्रकारच्या सगळ्या बिल्डिंग सिलेक्ट करायची वेगळी बटणं आहेत, तिथे ५ नंबर बिल्डिंगवर खर्च करू नका, बगलेच्या टोळीला द्या. वॉरक्राफ्ट थ्रीमध्ये हीरो एफ१, एफ२, एफ३ वर आपोआप मिळतात म्हणून त्यांच्यासाठी नंबर अडवायची गरज नाही. तुमच्या गेममध्ये असं काय फुकट मिळतंय ते आधी बघा.

मर्यादाही बघा. जुन्या स्टारक्राफ्ट ब्रूड वॉरमध्ये आणि वॉरक्राफ्ट थ्रीमध्ये एका वेळी १२ च युनिट्स सिलेक्ट होतात, त्यामुळे तिथे पुढची फळीच दोन तीन नंबरांवर पसरते आणि वरची मांडणी तशीच्या तशी बसत नाही. स्टारक्राफ्ट टूमध्ये अशी अडचण नाही, पण सगळं एका नंबरवर कोंबायचा मोह तिथेच जास्त होतो.

एकदम पाच ग्रुप झेपत नसतील तर दोनच करा: जे पुढे मरायला चालतील ते आणि जे मरायला चालणार नाहीत ते. एवढ्यानेही फरक पडतो. अगदी नवीन असाल आणि आर्मी पंधरा वीस युनिट्सचीच असेल तर सगळं एका नंबरवर ठेवलं तरी माझी हरकत नाही, फक्त पहिला जादूवाला किंवा पहिली तोफ बनली की तिला वेगळा नंबर.

सावधान: स्टारक्राफ्ट टूमध्ये एफ२ ने सगळी आर्मी सिलेक्ट होते. सोपं वाटतं म्हणून लोक त्यावरच जगतात. मग बेस राखायला ठेवलेली चार युनिट्स, शत्रूच्या मागे सोडलेली टोळी, टेकडीवर नजर ठेवणारा एकटा, सगळे एका बटणावर आपापली जागा सोडून धावत सुटतात आणि आपल्याला कळतंही नाही. बेसवर हल्ला आलाय आणि सगळ्यांना घरी बोलवायचंय तेव्हा ते बटण ठीक. हल्ला करायला निघताना नको.

## ३. युनिट बनलं की लगेच नंबरवर

लढाईच्या तोंडावर ग्रुप लावत बसणं ही सगळ्यात कॉमन चूक. ग्रुप लागतो तो बेसमध्ये, युनिट बाहेर पडल्या पडल्या. क्रम असा:

1. सगळ्या आर्मी बिल्डिंगचा रॅली पॉइंट (नवी युनिट्स बनल्यावर आपोआप जाऊन थांबतात ती जागा) एकाच मोकळ्या जागी लावा, बेसच्या तोंडाशी पण थोडं आत. वर्कर (रिसोर्स गोळा करणारे) ये जा करतात त्या वाटेवर नको, नाहीतर बॉक्स काढताना वर्करही अडकतात.
2. नवीन युनिट्सची ऑर्डर बिल्डिंगला देऊन झाली की त्याच दमात रॅली पॉइंटकडे जा.
3. एका प्रकारच्या एका युनिटवर डबल क्लिक करा, स्क्रीनवरची त्या प्रकारची सगळी सिलेक्ट होतात. बऱ्याच गेममध्ये कंट्रोल दाबून क्लिक केलं तरी तेच.
4. शिफ्ट आणि त्यांचा ठरलेला नंबर.
5. पुढचा प्रकार, परत तेच.

दुसरी आणि तिसरी पायरी जोडून करायची सवय लावा, म्हणजे युनिट्स लावले की लगेच आधीचे गोळा करायचे. वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. स्टारक्राफ्ट टूमध्ये झर्ग (अंड्यांतून युनिट्स काढणारी बाजू) खेळत असाल तर अजून सोपं, अंडी असतानाच नंबरवर घालता येतात, फुटून बाहेर येतात ती ग्रुपमध्येच.

सावधान: शिफ्टऐवजी घाईत कंट्रोल दाबलं गेलं की चाळीस युनिट्सचा ग्रुप पुसला जातो आणि त्या नंबरवर नवीन तीनच राहतात. हे प्रत्येकाचं होतं. झालं तर पळापळ करू नका, आर्मीकडे कॅमेरा न्या, डबल क्लिकने प्रकारानुसार उचला, कंट्रोलने परत बसवा, चार सेकंदांचं काम आहे. खरा घोटाळा तेव्हा होतो जेव्हा हे झालंय हेच कळत नाही. म्हणून भर घातली की नंबर एकदा दाबून खालच्या पॅनलमध्ये आकडा बघायचा.

सावधान: रॅली पॉइंट सरळ लढाईच्या जागी लावू नका. नवी युनिट्स एकेक करत तिथे पोचतात आणि एकेक करत मरतात, समोरच्याला फुकटची मेजवानी. बेसपाशी जमू द्या, पाच सात झाली की एकत्र पाठवा.

## ४. ग्रुपमधला कचरा काढा

ग्रुप बनवणं सगळे शिकतात, साफ करणं कोणी शिकत नाही. गेमच्या मध्यापर्यंत १ नंबरवर एखादा वर्कर, एक टेहळणीवाला आणि दोन तोफा घुसलेल्या असतात. मग १ दाबून हल्ला सांगितला की तो वर्करही शत्रूच्या बेसवर चाल करून जातो.

काढायची पद्धत: नंबर दाबा, खालच्या पॅनलमध्ये नको असलेल्या युनिटच्या चित्रावर शिफ्ट दाबून क्लिक करा, ते सिलेक्शनमधून जातं. आता कंट्रोल आणि तोच नंबर, म्हणजे ग्रुप नव्याने बसला. ही शेवटची पायरी लोक विसरतात. सिलेक्शनमधून काढलं म्हणजे ग्रुपमधून काढलं असं होत नाही, पुढच्या वेळी नंबर दाबला की ते परत हजर. स्टारक्राफ्ट टूमध्ये शिफ्ट आणि कंट्रोल दोन्ही दाबून चित्रावर क्लिक केलं तर त्या प्रकारची सगळीच एकदम निघतात. तिथे ऑल्ट आणि नंबरची सोयही आहे, सिलेक्ट केलेली युनिट्स त्या नंबरवर जातात आणि आधीच्या सगळ्या ग्रुपमधून आपोआप निघतात. मोठ्या आर्मीतून छोटी टोळी वेगळी पाठवायची तर यासारखं दुसरं काही नाही, कारण नंतर मुख्य आर्मीला ऑर्डर दिली तरी टोळी तिच्या कामावरच राहते.

## ५. घेऊन जाणं

बेसपासून शत्रूपर्यंतच्या वाटेत आर्मी लांबत जाते. वेगवान युनिट्स पुढे, मंद मागे, आणि भिडायच्या वेळी तोफा म्हणजे वरातीमागून घोडं. यावर दोन उपाय.

पहिला, फॉर्मेशन. एज ऑफ एम्पायर्स टूमध्ये फॉर्मेशनमधला ग्रुप सगळ्यात मंद युनिटच्या वेगाने चालतो, त्यामुळे एकत्र पोचतो. पण याचीच दुसरी बाजू अशी की घोडेस्वारांच्या ग्रुपमध्ये एक तोफ चुकून राहिली तर सगळे घोडे रांगत जातात, म्हणून चौथा टप्पा आधी.

दुसरा उपाय थांबे घेत जाण्याचा. स्टारक्राफ्ट टूमध्ये प्रत्येक युनिट आपल्याच वेगाने जातं, तिथे हाच लागतो. मंद ग्रुप आधी सोडा, मग बाकीचे. शत्रूच्या थोडं अलीकडे एक जागा ठरवा, सगळ्यांना तिथे जमवा, मग पुढे.

अरुंद वाट किंवा चढ असेल तर आर्मीची मुंग्यांची रांग होते. पलीकडे शत्रू अर्धगोल करून उभा असला तर तुमचा एकेक जण येतो आणि त्यांचे वीस जण त्याला मारतात. अशा जागी पलीकडे काय आहे हे आधी एक स्वस्त युनिट पाठवून बघा. मोकळं असेल तर पार व्हा आणि पलीकडे थांबा, सगळे येईपर्यंत.

जादूवाल्यांना वेगळी ऑर्डर द्यायला हात पुरत नसेल तर ३ दाबून मागच्या फळीतल्या एखाद्या मंद, दणकट युनिटवर राइट क्लिक करा, ते त्याच्या मागे मागे चालतात. ज्याच्या मागे लावलंय ते मेलं तर हे तिथेच उभे राहतात, तेवढं ध्यानात ठेवा. स्टारक्राफ्ट टूमधली मेडिव्हॅक विमानं आर्मीबरोबर एकाच ग्रुपमध्ये ठेवली आणि नुसता मूव्ह दिला तर ती उडत सगळ्यांच्या पुढे जाऊन एकटीच मरतात. अटॅक मूव्ह दिला तर सैनिकांना बरं करायला थांबतात.

तपासा: निघाल्यावर दर थोड्या वेळाने मिनीमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) आपल्या ठिपक्यांचा आकार बघा. गोळा दिसतोय का शेपूट?

## ६. भिडायच्या आधीचे दहा सेकंद

माझ्या मते लढाई इथेच ठरते, आणि लोक नेमका हाच टप्पा गाळतात. शत्रू दिसला की अंगात येतं आणि सरळ अटॅक मूव्ह. थांबा. क्रमाने:

अ. ४ नंबर: तोफा मांडा. सीज टँक असो की ट्रेबुशे, उभं करायला काही सेकंद जातात, म्हणून त्यांना सगळ्यात आधी वेळ द्या. एज ऑफ एम्पायर्स टूमध्ये मँगोनेलचे दगड आपल्याच माणसांवरही पडतात, त्यामुळे त्यांचा स्टान्स (शत्रू दिसल्यावर युनिटने आपणहून काय करायचं ते सेटिंग) ऍग्रेसिव्ह ठेवायचा नाही. स्टँड ग्राउंड किंवा नो अटॅक, आणि नेम आपण स्वतः द्यायचा. स्टारक्राफ्टमधल्या सीज टँकचा गोळाही आपल्याच माणसांना लागतो, तेव्हा आपली पुढची फळी जिथे भिडेल त्याच्या थोडं मागे लावा.

आ. २ नंबर: अर्धगोल करा. याला खेळणारे कॉनकेव्ह म्हणतात. समजा तुमचे वीस धनुर्धर एकामागे एक येतायत, पुढचे पाच सहा जण रेंजमध्ये पोचतात, बाकीचे मागे ढकलाढकली करतात. तेच वीस शत्रूभोवती कमानीत उभे असले तर सगळे एकदम सोडतात. आर्मी तीच, मारा तिपटीहून जास्त. करायचं कसं: ग्रुपचा डावा भाग बॉक्सने उचलून तिरका डावीकडे पुढे, उजवा भाग उजवीकडे पुढे, मधले तिथेच. बियाँड ऑल रीझनसारख्या गेममध्ये राइट क्लिक दाबून रेघ ओढली की युनिट्स त्या रेघेवर पसरतात, तिथे हे एका ओढण्यात होतं.

इ. १ नंबर: पुढे, पण किंचितच. शत्रूच्या रेंजच्या बाहेर.

ई. ३ नंबर: मागे आणि पसरलेले. एकत्र उभे असले तर एकाच फटक्यात सगळे जातात.

उ. बगलेची टोळी. लांबचा वळसा घालून जाणार असेल तर तिला शिफ्ट दाबून टप्प्याटप्प्याची वाट आधीच आखून द्या, शेवटची ऑर्डर अटॅक मूव्हची. मग तिच्याकडे बघायला लागत नाही.

समोर भोवतालाला इजा करणारं काही असेल, बेनलिंग (झर्गची अंगावर येऊन फुटणारी युनिट्स), जादूची वादळं, मँगोनेल, तर २ नंबरला आधीच दोन तीन ढिगांत फोडून ठेवा. लढाई सुरू झाल्यावर फोडणं जमतं पण त्याला फार हात लागतो, आधी फोडून ठेवणं कोणालाही जमतं.

सावधान: शिफ्ट सोडलंय ना? वाट आखून झाल्यावर शिफ्ट दाबलेलंच राहिलं तर पुढची प्रत्येक ऑर्डर रांगेत मागे जाऊन बसते. युनिट्स ऐकत नाहीयेत, गेम लॅग होतोय असं वाटतं ते बऱ्याचदा यामुळेच.

## ७. प्रत्यक्ष लढाईत

आता हात कुठल्या क्रमाने फिरवायचे ते.

1. १ आणि २ ला अटॅक मूव्ह, आधी १, श्वासभर थांबून २. क्लिक शत्रूच्या मागच्या मोकळ्या जमिनीवर करा. ए दाबून चुकून आपल्याच युनिटवर क्लिक झालं तर अख्खा ग्रुप त्याला मारायला लागतो. गर्दीत जमीन सापडत नसेल तर मिनीमॅपवर क्लिक करा, तिथे ही भानगड नाही.
2. लगेच ३. जादू पहिल्या काही सेकंदांत सगळ्यात जास्त लागू पडते कारण तेव्हा शत्रू दाटीत असतो. स्टारक्राफ्ट टूमध्ये जादूवाल्यांचा ग्रुप सिलेक्ट करून एक क्लिक केलं की एकच जण टाकतो, दुसऱ्या क्लिकला दुसरा. ब्रूड वॉरमध्ये सिलेक्ट असलेले सगळेच एकदम एकाच जागी टाकून मोकळे होतात, तिथे एकेकाला वेगळं उचलायला लागतं. एका ग्रुपमध्ये दोन प्रकारचे जादूवाले असतील तर टॅब दाबून एकाकडून दुसऱ्याकडे जाता येतं.
3. मग २ कडे परत. इथे तीनच गोष्टी करायच्या: मोठ्या टार्गेटवर नेम, मागे सरकत मारणं, किंवा काहीच नाही.
4. बगलेची टोळी पोचली का एक नजर.
5. ५ दाबून नवीन युनिट्स लावा, कॅमेरा न हलवता. हे लढाई चालू असतानाच करायचं, संपल्यावर नाही.

नेम देण्याबद्दल. सगळ्यांनी मिळून एकालाच मारायचं हे ऐकायला भारी वाटतं, पण वीस जणांचे बाण एका चिल्लर युनिटवर पडले तर ते तीन चार बाणांत मेलेलं असतं आणि बाकीचे वाया जातात. तोफा, बरे करणारे, हीरो, एवढ्यांवरच नेम द्या, आणि तोही फक्त २ नंबरने. पुढच्या फळीला लांबच्या टार्गेटवर राइट क्लिक दिलं तर ती समोरच्या शत्रूला सोडून गर्दीतून वाट काढत बसते आणि मरते. याचसाठी दोन नंबर वेगळे ठेवले.

मागे सरकत मारणं, म्हणजे किटिंग. युनिटने मारा सोडला की पुढचा मारा भरेपर्यंत थोडा वेळ मोकळा असतो, त्या वेळात दोन पावलं चालायचं, परत अटॅक, परत चालायचं. जवळून मारणारे अंगावर येत असतील तर मागे, पळणाऱ्याचा पाठलाग असेल तर पुढे. चूक कुठे होते? मारा सुटायच्या आधीच मूव्ह दिला जातो, तो मारा रद्द होतो आणि तुमची आर्मी नुसती नाचत राहते. प्रत्येक युनिटचा ठेका वेगळा, स्क्रीनवर गोळी किंवा बाण सुटलेला डोळ्यांनी बघून मगच क्लिक करा. आणि समोरचेही तुमच्याएवढ्याच रेंजचे असतील, जागेवर उभे राहून मारत असतील तर मागेपुढे करण्यात काही हशील नाही, उभे राहा आणि मारा.

जवळून मारणाऱ्या वेगवान युनिट्सचं मात्र उलटं. झर्गलिंगसारख्यांना सरळ अटॅक दिला तर पुढचे चिकटतात आणि मागचे त्यांच्या पाठीला पाठ लावून उभे. आधी शत्रूच्या पलीकडे साधा मूव्ह द्या, दोन्ही बाजूंनी पुढे गेले की मग अटॅक मूव्ह. चारी बाजूंनी वेढा पडतो.

सावधान: घाबरून नंबर टकाटक दाबत बसू नका. एकच नंबर पटकन दोनदा दाबला की बहुतेक गेममध्ये कॅमेरा त्या ग्रुपवर उडी मारतो. लढाई इकडे आणि तुम्ही बगलेच्या टोळीकडे बघताय असं होतं. लढाईची जागा आधीच कॅमेरा बटणावर सेव्ह करून ठेवलेली असली तर एका दाबात परत येता. (स्टारक्राफ्ट टूमध्ये साधारण एफ५ ते एफ८ यासाठी असतात. ऑल्ट आणि एफ४ कधी चुकून एकत्र दाबू नका, का ते दाबल्यावर कळेल.)

## ८. माघार

माघार कधी घ्यायची हे निघायच्या आधी ठरवा, लढाईत ठरत नाही. पुढची फळी संपली आणि समोरच्याची अजून उभी आहे, हा साधा निकष पुरतो.

क्रम: ३ आधी निघतो, मग २, शेवटी १. मांडलेल्या तोफा उचलायला वेळ लागतो, त्या वाचतील असं दिसत नसेल तर उचलू नका, मरेपर्यंत मारू द्या, तेवढ्यात बाकीचे निसटतात. ऑर्डर साधा मूव्ह, अटॅक मूव्ह नाही, नाहीतर प्रत्येक पावलाला वळून लढायला लागतात. क्लिक मिनीमॅपवर, थेट आपल्या बेसच्या आत. जवळच क्लिक केलं की युनिट्स तिथे थांबतात आणि परत सापडतात.

अर्धवट माघार सगळ्यात वाईट. अर्धे पळतायत, अर्धे लढतायत, दोन्ही मरतात. आणि समोरचा तुमच्यापेक्षा वेगवान असेल, तुम्ही चालत आणि तो घोड्यावर, तर पळणं म्हणजे पाठीवर मार खाणं, त्यापेक्षा भिंतीला किंवा टेकडीला पाठ लावून लढलेलं बरं. कंपनी ऑफ हीरोजमध्ये माघारीचं वेगळं बटणच आहे, पथक सरळ बेसकडे पळतं. अशी सोय असेल तर पथकात एखादा जण उरायच्या आधी ते वापरा, कारण पथक जिवंत असलं तर माणसं परत भरता येतात.

## ९. लढाईनंतर लगेच

जिंकलात तरी लगेच पुढे धावू नका. १ पासून ४ पर्यंत एकेक नंबर दाबा, पॅनलमध्ये किती उरले बघा. १ नंबर जवळजवळ रिकामा असेल तर २ ला पुढे नेऊ नका, त्यांच्यासमोर आता कोणीच नाहीये. बेसपाशी जमलेल्या नव्या युनिट्सना त्यांच्या नंबरवर भर घाला आणि मगच बोलवा. इथे एक गंमत होते: भर घातल्या घातल्या तो नंबर दाबून अटॅक दिला की पुढची आर्मी आणि बेसमधली नवी पोरं दोघंही एकदम निघतात, नवी एकटी रस्त्यात. म्हणून भर घातल्यावर आधी सगळ्यांना पुढच्या आर्मीच्या जागी मूव्ह द्या, जमू द्या, मग पुढचं.

एज ऑफ एम्पायर्स टूमध्ये अजून एक बघायचं, ऍग्रेसिव्ह स्टान्सवरची युनिट्स पळणाऱ्याच्या मागे लागून शत्रूच्या किल्ल्याखाली जातात. लढाई संपली की परत बोलवा आणि थांबायचं असेल तर स्टान्स बदला.

## सराव कसा करायचा

सगळं एकदम नको. सोप्या एआयशी (कंप्युटर खेळाडूशी) गेम लावा आणि जिंकण्याकडे बघूच नका. पहिल्या काही गेम फक्त तिसरा टप्पा: एकही युनिट नंबराशिवाय राहायला नको. तो अंगवळणी पडला की पाचवा आणि सहावा. किटिंग सगळ्यात शेवटी, लोक ते सगळ्यात आधी शिकायला जातात कारण दिसायला भारी दिसतं. एज ऑफ एम्पायर्स टूच्या सिनारिओ एडिटरमध्ये दोन्हीकडे ठरावीक युनिट्स ठेवून तीच लढाई परत परत करता येते, एकदा सरळ अटॅक मूव्हने, एकदा अर्धगोल करून. किती उरले त्याचा फरक बघा, मग सहावा टप्पा कोणी वेगळा पटवून द्यायला लागणार नाही.

हरलेल्या गेमचा रिप्ले बघताना पूर्ण बघू नका, कंटाळा येतो. मोठ्या लढाईची पहिली गोळी सुटते तिथे पॉज करा. तुमची किती युनिट्स मारतायत आणि किती नुसती उभी आहेत ते मोजा. मग तिथून तीस सेकंद मागे जा आणि त्या तीस सेकंदांत तुमचा कॅमेरा कुठे होता ते बघा.